केशरी वायर

आमच्या चिरंजीवांनी मुलुंडच्या घरी कॉम्प्युटरसाठी सहा स्पीकर आणले. पाच छोटे आणि घुमणारा एक मोठा डबा. घाईघाईने वायरी खोचून स्वारी नोकरीवर पुण्याला रवाना!

रविवारी सिनेमा लावला की गाणी छान, पाऊस छान, पण सासूबाई सारख्या विचारायच्या, “काय म्हणाला गं तो?” आम्ही कान देऊन भागवत होतो. “आईचे कान गेले,” असं हे म्हणाले. “तुमच्या यंत्रातच काहीतरी आहे,” त्या सांगत होत्या. पुढे पुढे त्या सिनेमा सोडून आत जाऊन बसू लागल्या.

परवा झाडताना कॉम्प्युटरमागे एक केशरी वायर लोंबताना दिसली. पुस्तिका काढून वाचली. हिरवी वायर पुढच्या स्पीकरांची, काळी मागच्यांची, केशरी मधल्या स्पीकरची आणि डब्याची. सिनेमातली बोलणी बहुतेक त्या मधल्यातूनच येतात! आमच्या कॉम्प्युटरला मात्र हिरवं, निळं, गुलाबी अशी तीनच भोकं. केशरी भोक नाही म्हणून ती वायर तशीच राहिली होती. हिरवी हिरव्यात आणि काळी निळ्यात होतीच; केशरी गुलाबीत घातली. पडद्यावर ‘५.१’ निवडलंय ना, तेही पाहिलं.

सासूबाईंना हाक मारली. अख्खा सिनेमा त्यांनी एकदाही न विचारता पाहिला. उठताना एवढंच म्हणाल्या, “मी सांगत होते गं.”

मैत्रिणींनो, ह्यांची मान खाली गेली, आणि माझीही. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कानांना नावं ठेवण्याआधी एकदा वायरी बघा.