घाट उतरण्यापूर्वी

दसऱ्याच्या दिवशी विजय नगरात दारोदारच्या मोटारी झेंडूच्या माळांनी सजतात. शस्त्रे आणि अवजारे पुजण्याची आपली जुनी परंपरा. घोडा गेला, तलवार गेली, तरी आम्हां इंदूरकर मराठी मंडळींनी ती मोटारीच्या रूपाने टिकवली आहे. राजवाडा, रामबाग या बाजूच्या जुन्या घरांतून कितीतरी कुटुंबे विकास प्राधिकरणाच्या ५४ आणि ७४ क्रमांकांच्या योजनांतील या वस्तीत आली. अंतरे वाढली आणि मोटार ही चैन न राहता गरज झाली. तिच्या काचा आम्ही रोज पुसतो, गाद्यांना हौसेने नव्या खोळी घालतो. परंतु ज्या सामग्रीवर साऱ्या कुटुंबाचा जीव अवलंबून असतो, ती गाडीच्या पोटाखाली असते. माळ तिथवर पोहोचत नाही, आणि बहुधा मालकाची नजरही पोहोचत नाही.

म्हणून गाडी दुरुस्तीला दिली की किल्ली सोपवून घरी परतावे, हा रिवाज आम्ही पाळत नाही. गॅरेजात एखादे स्टूल मिळते, तेवढे पुरते. गाडी लिफ्टवर चढते, चाके उतरतात आणि मिस्त्री हातात दिवा घेऊन "भिया, जरा इधर देखो" म्हणून हाक मारतो. मग गाडीखाली उभे राहून जे दिसते, ते प्रत्येक गृहस्थाने आणि गृहिणीने एकदा तरी पाहावे, असे आम्हांस मनापासून वाटते.

प्रथम ब्रेक. पायाने दाबलेल्या पेडलचा जोर चाकांपर्यंत नेण्याचे काम नळ्यांतले तेल करते. बंदिस्त द्रवाला एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखा पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा नियम आपण सर्वांनीच शाळेत घोकला आहे. १९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्युसेनबर्ग कंपनीने चारही चाकांना असे ब्रेक असलेली मोटार बाजारात आणली. हे नाव इंदूरला परके नाही. महाराजा यशवंतराव होळकरांनी पुढे १९३० नंतरच्या दशकात याच कंपनीची एक अतिवेगवान गाडी खास बनवून घेतली होती. मोटारींचे शौकीन आजही तिच्या वेगाचे आणि घडणीचे गोडवे गातात. तिच्या ब्रेकची वाखाणणी मात्र आमच्या कानी कधी आली नाही.

ब्रेकची खरी परीक्षा विजय नगरच्या चौकात होत नाही. घरी पाहुणे आले की आपण त्यांना अहिल्याबाईंचे महेश्वर दाखवावयास नेतो. धुळे-नाशिककडे जाणाऱ्यांची वाटही तीच. मानपूर मागे पडले की माळव्याचे पठार संपते आणि रस्ता निमाडात उतरू लागतो. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच. खलघाटची नर्मदा त्याहून सुमारे चारशे मीटर खाली. माणसांसह बाराशे किलो भरणारी गाडी एवढी खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, तिने पंधराएक लिटर पाणी उकळावे. तिचा काही भाग वारा, टायर आणि इंजिन खाऊन टाकतात. उरलेली सारी उष्णता पॅडना आणि त्यांच्या चकत्यांना झेलावी लागते.

येथेच तेलाचा प्रश्न येतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. डॉट-३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तरी उकळू नये, असा दंडक आहे. पाणी मुरलेल्या तेलाची हीच मर्यादा १४० अंशांवर येते. तेल उकळले की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, पेडल तळाला टेकते आणि गाडी धावतच राहते. म्हणून साधारण दोन वर्षांनी हे तेल बदलावे लागते. गणपती घाटात मालमोटारींचे ब्रेक निकामी होऊन वर्षानुवर्षे किती घरे उजाड झाली, हे इंदूरकरांस सांगावयास नको. त्या गाड्यांचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, परंतु तापल्यावर पकड सुटणे तेथेही चुकत नाही. २०२४ च्या अखेरीस तेथे कमी उताराचा नवा रस्ता खुला झाला, ही समाधानाची गोष्ट. तरीही जुन्या चालकांचा नियम विसरू नये: ज्या गिअरमध्ये घाट चढावा, त्याच गिअरमध्ये उतरावा, इंधन वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

स्टिअरिंग आणि सस्पेन्शन यांची कथा अधिक मुकाट्याची. मिस्त्री अधांतरी चाक दोन्ही हातांनी धरून हलवतो. 'खट्' असा आवाज आला की टाय रॉडचे टोक किंवा बॉल जॉइंट झिजलेला असावा, हे तो ओळखतो. टायरवरून तळहात फिरवून आतली कडच तेवढी का झिजली, हे तो सांगतो. शॉक अॅब्सॉर्बरमधून तेल झिरपू लागले, तर आपण फार तर गाडी उसळते म्हणून कुरकुरतो. प्रत्यक्षात त्यामुळे चाक रस्त्यावर नीट टेकत नाही, आणि न टेकलेल्या चाकाचा उत्तम ब्रेकही गाडी रोखू शकत नाही.

राहिला सायलेन्सर. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापत नाही; आत साचलेले पाणी सुकत नाही आणि नळी आतून गंजते. तिला भोक पडले तर केवळ आवाज वाढतो, असे समजू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आणि काचा लावलेल्या गाडीत मागच्या आसनावर नातवंडे झोपलेली असतात.

आता व्यवहाराचे. एके ठिकाणी, नाव सांगण्यात हशील नाही, पुढच्या दोन चाकांच्या चार पॅडचे बिल आमच्या हाती आले. आम्ही जुने पॅड मागितले, दोनच निघाले. वाद घालावा लागला नाही, आकडा आपोआप निम्मा झाला. पैसे वाचले याचे सुख थोडे. त्या गाडीत एका चाकाला जुने पॅड घेऊन घरची माणसे घाट उतरली असती, ही धास्ती मोठी. उलट, आता ज्यांच्याकडे आम्ही जातो, त्या मिस्त्रींनी गेल्या खेपेस पॅड उजेडात धरून त्याची जाडी दाखवली आणि अजून पुष्कळ चालेल, म्हणून तो परत बसवला. अशा माणसाची मजुरी देताना घासाघीस करू नये.

हे ज्ञान घरातील पुरुषांपुरते ठेवण्याचे दिवसही गेले. सुना-लेकी गाडी चालवतात, तर गॅरेजातही त्यांनीच उभे राहावे, जुना भाग मागावा, बिलातील प्रत्येक ओळ विचारावी. आणि महेश्वरला निघावयाचे असेल, तर गाडी आठवडाभर आधी दाखवावी. आदल्या संध्याकाळी नेलेल्या गाडीचे काम घाईत उरकले जाते. आठवडा हाताशी असला, म्हणजे काम झाल्यावर शहरातच दोन-चार दिवस ब्रेक पारखून घेता येतो, आणि काही खटकले तर घाटापूर्वी मिस्त्रीकडे परत जाता येते.