दस्त्यावर उमटलेलं ओकचं पान

ओकचं वाळकं पान बंदुकीच्या दस्त्यावर ठेवायचं, वरून गडद तपकिरी रंगाचा एक हलका फवारा मारायचा, क्षणभर थांबायचं आणि देठाला धरून पान अलगद उचलायचं. खाली पान उरलेलं असतं! कडा किंचित धूसर, खाचा मात्र जिथल्या तिथे. रांगोळीचा छाप उचलल्यावर खाली नक्षी दिसते ना, अगदी तस्सं. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये. कामावर जाताना, भाजी आणताना, मुलीला शाळेत सोडताना माझं लक्ष झाडांच्या सालींकडे, वाळक्या गवताकडे आणि सावल्यांकडे. आणि जो भेटेल त्याला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. आज तुमची पाळी.

मी राहतो मॅडिसनला, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्दच आपल्या रोजच्या जगण्यातून गेला, आणि ते योग्यच झालं. इथली व्यवस्था मात्र फार वेगळी आहे. परवाना, ठरलेला हंगाम, ठरलेली संख्या. आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याप्रमाणे शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवर 11 टक्के कर, जो थेट वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांकडे जातो. विस्कॉन्सिनमधून रानटी टर्की पूर्णपणे नाहीशी झाली होती. 1976 साली मिसूरी राज्याला इथले ग्राउझ पक्षी देऊन बदल्यात टर्की आणल्या आणि व्हर्नन काउंटीच्या डोंगराळ रानात सोडल्या. आज राज्यभर त्या सुखाने नांदतायत. माझ्या शेजाऱ्यांचं त्याच व्हर्नन काउंटीत थोडंसं रान आहे. शिकारीचा सुरक्षा अभ्यासक्रम पूर्ण करून मी त्यांच्यामागे लागलो आणि त्यांनी मला टर्कीच्या वसंत हंगामाला न्यायचं कबूल केलं. माझी बंदूक हातात घेऊन त्यांनी नळीवर नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाले, “ही चमकते. हिला रंगव.”

रंगव! बंदूक रंगवायची असते हे मला माहीतच नव्हतं.

आता टर्कीच्या डोळ्यांबद्दल सांगतो, कारण हा सगळा खटाटोप त्या डोळ्यांसाठी आहे. हरणाला लाल आणि नारिंगी रंग नीट कळत नाहीत, म्हणून इथे हरणांच्या हंगामात शिकारी भडक नारिंगी कपडे घालून फिरतात. एकमेकांना दिसतात, हरणाला नाही. टर्कीपुढे ही युक्ती चालत नाही. तिला आपल्यापेक्षा जास्त रंग दिसतात. आपल्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या, पक्ष्यांच्या डोळ्यांत चार, आणि अतिनील प्रकाशाचाही काही भाग त्यांना दिसतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे मान थोडी वळवली की मागचंही दिसतं. वास मात्र तिला जवळजवळ येत नाही. जे काही आहे ते नजरेत. अशा पक्ष्यासमोर झाडाला टेकून बसायचं आणि मांडीवर एक लांबलचक, सरळ, काळी, चकचकीत नळी! रानात इतकी सरळ रेघ दुसरी कुठलीच नसते.

माझी बंदूक आहे जुनी रेमिंग्टन 870, 12 बोअरची पंप शॉटगन. 1950 पासून या बंदुका एक कोटीच्या वर बनल्या आहेत, त्यामुळे सेकंड हँड सहज मिळतात आणि रंगवताना जीव वरखाली होत नाही. पहिली गोष्ट अर्थातच ती रिकामी आहे ना हे तपासणं. मग पुन्हा एकदा तपासणं. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. मग नळी आणि दस्ता वेगळे करून धातूचा प्रत्येक भाग अ‍ॅसिटोनने पुसायचा. जुन्या तेलाचा पुसटसा अंश जरी राहिला तरी रंग तिथून सोलून निघतो. प्लास्टिकच्या भागांना मात्र अ‍ॅसिटोन लावायचं नाही, ते विरघळतं. त्यांना साबणाचं पाणी आणि स्पिरिट. यानंतर चिकटपट्टी. नळीच्या तोंडात कानात घालायचा स्पंजचा बोळा इतका चपखल बसतो की त्यासाठीच बनवलाय असं वाटावं! चाप, सेफ्टीचं बटण, नेमाची माशी, पंप ज्या नळकांड्यावरून पुढेमागे सरकतो तो भाग, हे सगळं झाकायचं. आणि अनुक्रमांक. तो खोडणं किंवा बदलणं हा इथे संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. नुसत्या रंगाने आकडे जात नाहीत, पण ते सहज वाचता आलेच पाहिजेत, म्हणून त्यावर पट्टी लावायचीच.

आणि मग फवारे! बाजारात बंदुकांसाठी सेराकोट मिळतं, सिरॅमिकच्या कणांचं, भट्टीत भाजून पक्कं करायचं. सुंदर असतं ते, टिकतंही वर्षानुवर्षं. पण मला हवे होते हार्डवेअरच्या दुकानातले साधे मॅट स्प्रेचे डबे. खाकी, मातकट तपकिरी, करडा, ऑलिव्ह. हे रंग कोपऱ्यांवर खरवडले जातात, बंदूक साफ करायच्या औषधाने निघतात, आणि त्यातच सगळी गंमत आहे. ऋतू बदलला की पुसा आणि नवं रान रंगवा!

बंदूक अंगणात तारेला टांगली. डबा वीतभरापेक्षा थोडा जास्त लांब धरायचा, हात थांबू द्यायचा नाही, आणि थर इतका पातळ की पहिल्या हाताला खालचा काळा रंग दिसत राहतो. माझ्या डब्यावर लिहिलं होतं की दुसरा हात एका तासाच्या आत द्या, नाहीतर 48 तास थांबून. हे वाक्य मी आता शिरोधार्य मानतो. सगळ्यात फिका रंग आधी. त्या पहिल्या दिवशी संध्याकाळी माझी बंदूक नखशिखांत वाळक्या गवताच्या रंगाची झाली होती आणि मी दर दहा मिनिटांनी खिडकीतून ती बघत होतो.

दुसऱ्या टप्प्यात जादू. मागच्या अंगणातलं गेल्या वर्षीचं गवत उपटून आणलं, त्याच्या काड्या नळीवर तिरक्या टेकवल्या आणि वरून तपकिरी. काड्या काढल्या की फिक्या, बारीक, एकमेकींना छेदणाऱ्या रेघा! मग दस्त्यावर ओकची पानं. मग कपडे धुवायच्या जाळीच्या पिशवीचा एक तुकडा ताणून त्यावरून करडा फवारला, तर खाली सापाच्या खवल्यांसारखी जाळी उमटली. मग समुद्री स्पंजाचा तुकडा रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, हलकेच टिपला, तर थेट ओकच्या सालीवरचं दगडफूल! मी बायकोला हाका मारून बोलावलं. ती हात पुसत बाहेर आली, बघितलं, आणि तिने उरलेली पानं स्वतःच लावायला घेतली.

हे चालू असताना वाचनही सुरू होतं आणि तिथे मला खरा खजिना सापडला. अ‍ॅबट थेअर नावाचा अमेरिकन चित्रकार. त्याने 1896 मध्ये मांडलं की प्राण्यांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं यामागे प्रकाशाचं गणित आहे. ऊन वरून पडतं, पाठ उजळते, पोट सावलीत जातं, आणि या उजेड-सावलीवरूनच आपल्याला गोलाई कळते. पाठ गडद आणि पोट पांढरं केलं की दोन्ही बाजू सारख्या दिसतात आणि शरीर सपाट होऊन मागच्या रंगात मिसळतं. आपल्या माळरानावरचं चिंकारा डोळ्यांसमोर आणा, लगेच पटेल. पुढे ह्यू कॉट या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञाने हाच नियम चक्क तोफेवर लावला. 1940 सालची गोष्ट. रेल्वेच्या रुळांवरच्या दोन अवजड तोफा, एक लष्कराच्या नेहमीच्या पद्धतीने रंगवलेली, दुसरी कॉटने, वरून गडद आणि खालून फिकी. विमानातून फोटो काढले. नेहमीची तोफ लगेच ओळखू येत होती आणि कॉटची तोफ फोटोत शोधावी लागत होती!

हे वाचलं आणि मी उठून थेट अंगणात गेलो. शॉटगनची नळी म्हणजे छोटी तोफच की. वरच्या बाजूला, जिथे उन्हाची रेघ चमकते, तिथे गडद तपकिरीचा धूसर पट्टा, आणि खालच्या बाजूला खाकीतही पांढरा मिसळल्यासारखा फिका रंग. चार पावलं मागे सरकून बघितलं तर नळीची गोलाईच गेलेली. अक्षरशः चपटी काठी टांगल्यासारखी.

दुसरी गोष्ट शेजाऱ्यांनी शिकवली. त्यांनी बंदूक त्यांच्या रानातल्या एका ओकला टेकवून ठेवली आणि मला तीस पावलं मागे नेलं. मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करायला सांगितला. रंग गेले की फक्त गडद आणि फिकं उरतं, आणि दुरून डोळा तेच पकडतो. माझी पानंफुलं, खवले, दगडफूल, ज्यांवर माझा एवढा जीव, ते सगळं त्या अंतरावर एक होऊन जात होतं. काम करत होते ते मोठे, तिरके, गडद पट्टे, जे नळीची लांब सरळ कड मध्येच तोडत होते. मग आम्ही तिथल्या तिथे आणखी दोन रुंद पट्टे मारले, एक बरोबर रिसीव्हरवर, म्हणजे दस्ता आणि नळी यांच्यामधल्या धातूच्या भागावर, आणि एक नळीच्या मध्यावर, आणि पुन्हा मागे गेलो. तुकडे झाले होते. बंदूक नव्हती, तीन काटक्या होत्या.

शिकाऱ्यांच्या तयार कपड्यांवरची नक्षीही अशीच घरगुती उद्योगातून जन्मली हे कळल्यावर तर मला फार आपलंसं वाटलं. व्हर्जिनियातल्या जिम क्रमलीने कपडे घरी रंगवून त्यांवर मार्करने झाडाच्या सालीच्या उभ्या रेघा ओढल्या आणि 1980 मध्ये त्यातून ट्रीबार्क आलं. मिसिसिपीतल्या टॉक्सी हासने 1986 मध्ये मॉसी ओक सुरू केलं तेच मुळी रानातली मूठभर माती, पानं आणि काटक्या कापड गिरणीला दाखवून.

हिरवा रंग मी जवळजवळ वापरलाच नाही, हेही सांगायला हवं. विस्कॉन्सिनमध्ये टर्कीचा हंगाम एप्रिलच्या मध्यानंतर सुरू होतो, तेव्हा ओकला पालवीही फुटलेली नसते. रान करडं, तपकिरी, गवती. ऑलिव्हचे चार ठिपके दिले, मे महिन्यासाठी. लाल, पांढरा आणि निळा मात्र अजिबात नाही. नर टर्कीचं डोकं याच तीन रंगांचं असतं, आणि झाडीत त्यातला एखादा जरी रंग हलला तरी दुसरा शिकारी फसू शकतो. हा नियम शेजाऱ्यांनी मला इतक्या गंभीरपणे सांगितला की मी मोज्यांचे रंगसुद्धा तपासले.

आणि मग ती सकाळ. उजाडायच्या आधी आम्ही एका जाड ओकला पाठ टेकून बसलो. गुडघ्यांवर बंदूक. टर्की रात्री झाडांवर झोपतात. पहिला नर दूरवर ओरडला तेव्हा अंगावर काटा आला. थोड्या वेळाने उजवीकडून एक मादी पाचोळा उकरत आली. वसंतात फक्त दाढी असलेल्या पक्ष्याची, म्हणजे बहुतेक नराचीच शिकार करता येते, त्यामुळे मला नुसतं बघायचं होतं, आणि तेच तर मला हवं होतं! ती दहा पावलांवर आली. मान वर. एक डोळा थेट माझ्या नळीवर. मी श्वास रोखला, कारण हललात तर जगातला कुठलाही रंग वाचवत नाही. तिने मान खाली घातली आणि पुन्हा पाचोळा उकरायला लागली. एकदा तर नळीच्या टोकापासून इतक्या जवळून गेली की तिच्या पिसांवरची तांब्याची झळाळी मला दिसली. शेजाऱ्यांनी कोपराने हलकेच ढोसलं. त्या दिवशी आम्ही बार काढलाच नाही. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी त्यांची बदकांची बंदूक माझ्या हातात ठेवली. शरद ऋतूत त्यांना होरिकॉनच्या दलदलीत जायचंय, तिथे क्षितिजापर्यंत नुसती पाणकणसं. म्हणजे उभ्या, लांब, पिवळट रेघा, मध्ये पाण्याच्या गडद फटी, पानांचं काहीच काम नाही. पाणकणसाची वाळकी पाती मी आधीच आणून गॅरेजमध्ये सुकत घातली आहेत, आणि बायको म्हणते की त्यातली अर्धी तिला तिच्या सायकलसाठी हवीत.