गगनबावड्याचा रस्ता आणि पिकअपचे दिवे

गगनबावड्याचा रस्ता आपण कोल्हापूरकर दिवसा पाहतो. फुलेवाडी, बालिंग्याचा भोगावतीवरचा पूल, कळे, साळवण, दोन्ही अंगांना ऊस आणि शेवटी सह्याद्रीचा कडा, असा हा सुमारे 55 किलोमीटरचा रस्ता. तोच रात्री कसा असतो, ते आम्ही 2023 च्या डिसेंबरात पाहिले.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या मुलाने कर्ज काढून जुनी पिकअप घेतली. रात्री कोल्हापुरात भाजी भरायची, करूळचा घाट उतरून पहाटे कणकवली गाठायची, हा त्याचा धंदा. वहिनी म्हणाल्या, "भावजी, एकदा त्याच्यासंगं जाऊन या. गाडी परत येईतोवर माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही." दुसऱ्या दिवशी कचेरीला सुटी होती. आम्ही निघालो.

पोराने नुकतेच हेडलाइटला 100/90 वॅटचे बल्ब बसवले होते. "काका, आता रात्रीचा दिवस झाला बघा," तो म्हणाला. पण फुलेवाडी मागे पडली आणि समोरून येणारी प्रत्येक गाडी आम्हाला डिपर मारू लागली. आमचा उजेड रस्त्यावर थोडा आणि झाडांच्या शेंड्यांवर फार पडत होता.

कळ्याच्या पुढे समोरून ट्रक आला. डोळे दिपले. तो गेल्यावर क्षणभर नुसता काळोख, आणि त्या काळोखात एकदम ऊस! ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या, मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. पोराने सगळा जोर लावून ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा बॉनेट आणि ऊस यांच्यात हातभर अंतर उरले होते. बराच वेळ आम्ही दोघेही बोललो नाही.

ताशी 60 च्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर जाते. माणूस दचकून ब्रेकवर पाय ठेवीपर्यंतच एवढी वाट सरते. भरलेली गाडी थांबायला पुढे आणखी जागा लागते. म्हणून जेवढे दिसते तेवढ्यात थांबता येईल, इतकाच वेग ठेवावा लागतो.

परत आल्यावर पोराला घेऊन शिवाजी उद्यमनगरात गेलो. ऑइल इंजिनांमुळे नावाजलेल्या या भागात गाड्यांची वायरिंग करणारे जाणते कारागीर आहेत. एका वयस्कर मिस्त्रींनी पहिलाच प्रश्न केला, "फोकस लावला तेव्हा गाडी भरलेली होती का रिकामी?"

"रिकामी."

"मग चुकलं तिथंच."

हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात, पुढचे तोंड वर होते आणि दिवेही वर बघू लागतात. काही गाड्यांत केबिनमध्ये त्यासाठी बटण असते. या गाडीत ते नव्हते. मिस्त्रींनी हौद्यात पोती टाकायला लावली, गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी केली आणि डिपरचा उजेड 10 मीटरवर दिव्याच्या उंचीपेक्षा सुमारे 10 सेंटीमीटर खाली पडेल असे स्क्रू फिरवले.

मग बल्ब काढले. जास्त करंटने होल्डर काळवंडून वितळू लागला होता. "उजेड वॅटात नसतो, वायरीत असतो," मिस्त्री म्हणाले. जुन्या बारीक वायरीतून बल्बपर्यंत पुरता दाब पोचत नाही. व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झाले की हॅलोजनचा उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. त्यांनी बॅटरीपासून जाड वायर घेतली, मध्ये फ्यूज आणि रिले बसवला आणि साधे 60/55 वॅटचे बल्ब लावले. आता स्विचवर भार येत नाही. पिवळ्या पडलेल्या काचाही बदलल्या.

पोराने एलईडीचे विचारले. मिस्त्री म्हणाले, "हॅलोजनसाठी केलेल्या वाटीत एलईडीचा बल्ब कोंबला की उजेड फाकतो. तुला पांढरं दिसतं, समोरचा आंधळा होतो."

आठवड्याने आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने गेलो. रस्त्याची डावी कड स्वच्छ दिसत होती आणि कोणी डिपर मारला नाही. गगनबावड्याला धुके लागले तेव्हा पोराने आपणहून डिपर ठेवला, वेग उतरवला. धुक्यात अप्पर लावला तर उजेड उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो.

वाटेत साळवणला चहाला थांबलो. तिथे उसाचा ट्रॅक्टर उभा होता. आम्ही लाल रिफ्लेक्टर पट्टीचे एक बंडल सोबत नेले होते. ट्रॅक्टरवाला बीडकडचा, कोवळा मुलगा. म्हणाला, "मालकानं दिवा दिलाच नाही, साहेब." रात्रभर जागून तोही पोटासाठीच राबत होता. आमच्या पोराने स्वतः खाली वाकून ट्रॉलीच्या मागे पट्टी चिकटवली.

वाचकहो, रात्री गाडी चालवणारे घरोघरी आहेत. त्यांना महागडे बल्ब घेऊन देण्याआधी एवढे पाहा: काच साफ आहे का, वायर धड आहे का, फोकस भरल्या गाडीवर लावला आहे का. आणि आपल्या उजेडाने समोरच्याची वाट तर बुजत नाही ना, हेही पाहा. त्या गाडीतही कोणाचे तरी पोरच असते.

वहिनी आता रात्री झोपतात का, असे आम्ही विचारले. त्या हसून म्हणाल्या, "झोपते. पण गाडीचा आवाज आल्यावरच."