अब्बांची फियाट

आमच्या अंगणात एक फियाट उभी आहे. अकराशे डिलाइट, १९७० चे मॉडेल, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातली. तिचीच धाकटी बहीण १९७४ पासून पद्मिनी म्हणून गाजली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या टॅक्सीही रस्त्यावरून गेल्या. राहुरीत आमची मात्र अजून चालते.

अब्बांनी ती १९८१ साली जुनीच विकत घेतली होती. लाकडाची वखार, मिळकत बेताची. पण रात्री-अपरात्री आळीत एखादी बाई अडली, की लोक आमचीच कडी वाजवत. अब्बा सदरा चढवत बाहेर पडत आणि नगरपर्यंतचे पस्तीसेक किलोमीटर गाडी हाकत. आज चाळिशी गाठलेले आळीतले दोघे-तिघे, मुलाण्यांचे असोत की माळ्यांचे, आईच्या पोटात असतानाच ह्या गाडीत बसले होते.

अब्बा गेल्यावर गाडी आम्ही फक्त शुक्रवारी काढतो. गेल्या पावसाळ्यात तिने दगा दिला. सेल मारावा, तर नुसती टिकटिक. चार पोरांनी धक्का दिला, की सुरू. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. बॅटरी जुनी झाली असेल म्हणून नवी आणली. तीही आठवड्यात बसली. मेस्त्रीने डायनॅमो तपासला. गाडी चालू असताना चौदा व्होल्ट मिळत होते, म्हणजे चार्जिंग ठीक. "कुठंतरी करंट गळतोय," एवढे सांगून तो गेला.

धाकट्या भावाचा पुण्याहून फोन आला, "भाईजान, द्या आता भंगारात." अम्मी ऐकत होत्या. बोलल्या काहीच नाहीत, पण त्या रात्री जेवल्याही नाहीत.

तेव्हा आमची नजर भाच्याकडे गेली. आपाचा मुलगा वांबोरीचा, आयटीआयसाठी आमच्याकडे राहणारा. संध्याकाळी गाडीत बसून रेडिओ ऐकायची त्याला सवय. आम्ही चार माणसांसमोर त्याला झापले.

"मामू, कसम से, मैने रेडिओ को हात नै लगाया," तो म्हणाला.

"मग काय जिन्न येऊन लावतो?" आम्ही म्हणालो. लोक हसले. तो हसला नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन वांबोरीला निघून गेला.

तो गेल्यावरही बॅटरी उतरतच राहिली. तेव्हाच आम्हाला कळायला हवे होते. कळलेही असेल, पण मोठ्या माणसाच्या जिभेला काही शब्द जड जातात. शेवटी अम्मींनीच निरोप धाडून त्याला बोलावून घेतले.

तो मीटर घेऊन आला. आमच्याशी बोलला नाही, कामाला लागला. किल्ली काढली, दारे लावली. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून तिच्या आणि टर्मिनलच्या मध्ये मीटर जोडला. "आता कुणी सेल मारू नका, मीटर जळेल," एवढेच म्हणाला. सगळे बंद असताना मीटर जवळजवळ शून्य दाखवायला हवा होता. तो दाखवत होता ०.४ अँपिअर.

दिसायला आकडा लहान. पण दिवसाचे तास चोवीस, म्हणजे रोज जवळपास दहा अँपिअर-तास. बत्तीसची बॅटरी तीन दिवसांत रिकामी. शुक्रवार ते शुक्रवार ती कशी टिकणार?

मग त्याने एकेक फ्यूज काढला. आकडा हलेना. डायनॅमोच्या कटआउटच्या वायरी सोडवल्या, तरी हलेना. तेव्हा त्याला बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलवर काळी पट्टी गुंडाळलेली एक जादा वायर दिसली. ती सोडवताच मीटर शून्यावर आला. वायर फ्यूजला वळसा घालून, सतरंजीखालून, मागे डिकीत गेली होती. डिकी उघडली, तर आत छोटा दिवा होता.

अम्मी ओट्यावरून म्हणाल्या, "तुझ्या अब्बांनी लावला होता. रात्री बाळंतिणीचं सामान काढताना अंधार व्हायचा."

"डिकी उघडल्यावर तो लागणारच," आम्ही म्हणालो.

"बंद केल्यावर विझतो का, ते बघा," भाचा म्हणाला. वायर पुन्हा जोडून त्याने झाकण लावले. मीटरवर ०.४ तसाच.

आता सगळा उलगडा झाला. झाकण बसले, की एक दांडी दाबली जाऊन दिवा विझायचा. मृगाच्या आधी आम्ही डिकीचे कुजलेले रबर काढून नवे, जाड बसवले होते. झाकण बोटाच्या पेरभर वर राहिले आणि दांडी दाबली जाईना. महिनाभर बंद डिकीत दिवा जळत होता. चोर ना भाचा होता, ना बॅटरी, ना अब्बांची वायर. चोर आम्हीच.

भाच्याने झाकणाला रबराचा तुकडा चिकटवला. दांडी दाबली गेली, मीटर शून्यावर आला. त्या वायरीला त्याने फ्यूजही घातला. दिवा मात्र काढू दिला नाही आम्ही.

चार माणसांसमोर झापले होते, म्हणून चार माणसांना चहाला बोलावले. त्यांच्या देखत म्हणालो, "बेटा, चूक आमची होती. माफ कर."

तो खाली बघत राहिला. मग किल्ली उचलून गाडीत बसला. एकाच सेलला फियाट सुरू झाली. त्याने काच खाली केली.

"मामू, अब रेडिओ लगाऊ क्या?"