बोंबलाचे पाणी

मासा कुरकुरीत तळणे म्हणजे त्यातले पाणी योग्य वेळी आणि योग्य वाटेने बाहेर काढणे होय, आणि या कामात स्वयंपाक्याची खरी परीक्षा पाहणारा मासा कोणता असेल, तर तो बोंबील. गुजरातेच्या किनाऱ्यापासून सातपाटी, अर्नाळा, वर्सोवा या पट्ट्यापर्यंत विपुल मिळणारा आणि रत्नागिरीच्या दक्षिणेला विरळ होत जाणारा हा मासा डोल जाळ्यात, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहाकडे तोंड करून रोवलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, पाण्याच्या ओढीने आपणहून शिरतो. 2023 मध्ये महाराष्ट्राने राज्यमाशाचा मान पापलेटला दिला, आणि पापलेटच्या देखणेपणाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. परंतु मुंबई-ठाण्याच्या ताटातला जिव्हाळा मोजायचा ठरला असता, तर निकाल इतका सरळ लागला नसता.

बहुतेक घट्ट मांसाच्या माशांत पाण्याचे प्रमाण शेकडा 70 ते 80 असते, तर बोंबलात ते 85 ते 90 पर्यंत जाते. त्यामुळे मासा ताजा आहे की नाही हे बोटाने दाबून पाहण्याची नेहमीची कसोटी येथे लागू पडत नाही, कारण बोंबील ताजा असतानाही लिबलिबीतच असतो. त्याचे कल्ले लाल आहेत का, अंगावर ओलसर चकाकी आहे का आणि वास समुद्राचा आहे की कुजटपणाकडे झुकलेला, एवढेच पाहावे लागते. अर्धपारदर्शक, किंचित गुलाबी झाक असलेल्या त्या अंगात दातांनी गच्च भरलेला जबडा तेवढा कठीण असतो, आणि याच जबड्यांत जबडे अडकवून जोडीजोडीने बोंबील दोरीवर वाळत घालण्याची कोळीवाड्यांतली रीत आहे. सुका बोंबील पाणी काढण्याचे काम ऊन-वाऱ्यावर सोपवतो. ओल्या बोंबलाचे पाणी मात्र घरातच काढावे लागते.

त्यासाठी डोके, पर आणि शेपटी कापून मासा पोटाच्या बाजूने उभा चिरतात, मधला मऊ काटा अलगद सोडवून तो पुस्तकासारखा उघडतात, आणि थोडे मीठ लावून दोन स्वच्छ फडक्यांच्या मध्ये, किंचित उतरत्या फळीवर, पाट्याखाली ठेवतात. मीठ पाण्याला आतून ओढते आणि दगड ते बाहेर लोटतो. अर्ध्या-पाऊण तासाने पाटा उचलला, की फडके ओलेचिंब झालेले असते आणि मघाचा लोळागोळा मासा हातात धरण्याजोगा चपटा झालेला असतो. पाटे आता बहुतेक घरांतून गेले, पण पाण्याने भरलेले पातेलेही तेच काम करते. हा टप्पा गाळून वर कॉर्नफ्लोअरचे जाड आवरण चढवण्याची जी सोय अनेक उपाहारगृहांनी शोधली आहे, तिच्यात कुरकुर असते ती पिठाची. मासा आत पूर्वीइतकाच पाणचट राहतो.

हळद, लाल तिखट, आले-लसणीचे वाटण आणि लिंबाचा रस किंवा चिंचेचा कोळ लावल्यावर आंबटपणामुळे मांस थोडे आवळते. मात्र रवा आणि तांदळाचे पीठ तव्यावर सोडण्याच्या क्षणीच लावावे, कारण आधी लावून ठेवल्यास ते माशाचे उरलेसुरले पाणी पिऊन चिकट होते. तांदळाच्या पिठात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन, नसल्याने त्याचा थर खुसखुशीत होतो, आणि रव्याचे जाडसर कण त्याला दाताखाली जाणवणारा खरखरीतपणा देतात.

तापलेल्या तेलात मासा पडताच जी चुरचुर उठते, ती वाफ होऊन निघणाऱ्या पाण्याची असते. आवरणात ओल आहे तोवर त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही आणि बाहेर पडणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. ओल सरली की तापमान चढते, आणि साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिने व शर्करा यांच्यात ती प्रक्रिया वेग घेते, जिचे वर्णन लुई कामीय माय्यार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये केले आणि जिच्यामुळे तळणीला सोनेरी-तपकिरी रंग व खमंगपणा येतो. तेल पुरेसे तापलेले नसेल तर वाफेचा जोर कमी पडतो आणि आवरण तेलकट होते. कडांशी रव्याचे कण एकेक करून तांबूस होऊ लागतात, मोठे बुडबुडे बारीक होतात, आवाज उतरतो, आणि मगच उलथणे खाली सरकवावे. त्याआधी घाई केली तर आवरण तव्याला चिकटते आणि बोंबील मधोमध तुटतो.

तळलेला बोंबील झाकून ठेवू नये आणि एकावर एक रचूही नये, कारण आत उरलेली वाफ झाकणाखाली कोंडून सगळे आवरण पाच-दहा मिनिटांत मऊ करते. म्हणून आमटी-भात आधी वाढावा, जेवणाऱ्यांना पानावर बसवावे आणि मगच पहिला बोंबील तव्यावर सोडावा.