लिंबूटिंबूंची बाद फेरी

डोंबिवलीत स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर एका जैन कुटुंबाचे भांड्यांचे दुकान आहे. गल्ल्यावर आता मुलगा बसतो. वडीलधारे अण्णा सत्तरी ओलांडलेले. सकाळी वह्या पाहतात आणि दुपारी मोबाइलवर क्रिकेट. नातू बी.कॉम.ला आहे आणि महाविद्यालयाच्या संघात मध्यमगती गोलंदाजी करतो. यंदा त्याचा संघ पहिल्याच बाद सामन्यात तीन धावांनी हरला. त्या रात्री जेवताना त्याच्या वडिलांनी विषय काढला की खेळ पुष्कळ झाला, आता सुट्टीचे दिवस तरी दुकानाला द्यावेत. नातू काही बोलला नाही. अण्णाही गप्प राहिले, आणि अण्णांचे गप्प राहणे त्या घरात सहसा होकार समजले जात नाही.

अण्णांना क्रिकेट कळते ते हिशेबाच्या अंगाने. साखळी सामने म्हणजे वर्षभराचा खाते-उतारा. एक व्यवहार तोट्यात गेला तरी पुढे भरून निघतो. बाद फेरीत खाते त्याच सामन्यात बंद होते. म्हणून मोठ्या भांडवलाची पेढीही तेथे निर्धास्त नसते आणि लहानालाही दार किलकिले असते.

विदर्भाचा संघ ते लहानपणापासून ऐकत आले होते, पण रणजी करंडकात त्याला कोणी फारसे मोजत नसे. सहा दशकांत त्याला अंतिम सामना ठाऊक नव्हता. 2017च्या डिसेंबरात 41 वेळा विजेत्या ठरलेल्या मुंबईला कर्नाटकाने नागपुरात एक डाव आणि 20 धावांनी हरवले. त्याच कर्नाटकाशी कोलकात्याच्या उपांत्य सामन्यात विदर्भाची गाठ पडली. पहिल्या डावात विदर्भ 185, कर्नाटक 301. एवढी तूट अंगावर घेऊन फैझ फझलच्या संघाने दुसऱ्या डावात 313 धावा केल्या आणि 198 धावांचे लक्ष्य राखले. शेवटच्या सकाळी कर्नाटकाला 87 धावा हव्या होत्या, तीन गडी शिल्लक होते. तिन्ही गडी रजनीश गुरबानी या इंजिनियर झालेल्या तरुणाने घेतले. विजय अवघ्या पाच धावांचा! पुढे इंदूरला दिल्लीविरुद्ध त्याने हॅट्ट्रिक घेतली आणि करंडक प्रथमच नागपूरला गेला. यात नशिबाचा भाग नव्हता असे नाही. पण चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कठोर शिक्षक आणि वासिम जाफरसारखा मुरलेला फलंदाज ही तजवीज विदर्भाने आधीच केली होती.

मार्च 2024मध्ये मात्र अण्णांची पंचाईत झाली. वानखेडेवर अंतिम सामना मुंबई आणि विदर्भाचा. मन लहानाकडे ओढणारे, पण मुंबईचा कर्णधार अजिंक्य रहाणे हा डोंबिवलीचा, किटची पिशवी घेऊन लोकलने मैदान गाठत वाढलेला. तुषार देशपांडे कल्याणचा. त्याची गोष्ट अण्णांना फार आवडते. लहानपणी तो शिवाजी पार्कला निवडीसाठी गेला, तेव्हा फलंदाजांची रांग फार लांब होती, गोलंदाजांची त्या मानाने आखूड. तो आखूड रांगेत उभा राहिला. त्याच तुषारने त्या वर्षी उपांत्यपूर्व सामन्यात बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन 123 धावा केल्या आणि तनुष कोटियनसह शेवटच्या गड्यासाठी 232 धावांची भागी केली. मोठ्या पेढीचे नाव मुंबईचे खरे, पण माल बऱ्याच अंशी कल्याण-डोंबिवलीकडून येतो, असे अण्णा अभिमानाने म्हणत.

अंतिम सामन्यात विदर्भापुढे 538 धावांचे अशक्यप्राय लक्ष्य होते. अक्षय वाडकर आणि हर्ष दुबे यांनी पाचव्या दिवशी जेवणापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. अखेर 368 धावांवर डाव संपला, मुंबईने 42वे विजेतेपद मिळवले. पुढच्याच वर्षी नागपुरातील उपांत्य सामन्यात वाडकरच्या संघाने रहाणेच्या संघाला 80 धावांनी हरवून उधारी चुकती केली.

त्याच वर्षी केरळची नवलाई होती. सामना अनिर्णित राहिला की पहिल्या डावातील आघाडीवर निकाल लागतो. पुण्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध केरळची आघाडी एका धावेची, 280ला 281. अहमदाबादला गुजरातविरुद्ध दोन धावांची, 455ला 457. तेथे शेवटचा चेंडू शॉर्ट लेगच्या क्षेत्ररक्षकाच्या हेल्मेटला लागून उडाला आणि स्लिपमध्ये झेलला गेला. केरळ प्रथमच अंतिम फेरीत पोहोचला आणि तेथे विदर्भाच्या 37 धावांच्या आघाडीपुढे थांबला. एक रुपया शिलकीवर वर्ष निभावणारी दुकाने अण्णांनी पुष्कळ पाहिली आहेत. तरी हेल्मेटचा तो झेल त्यांनी चार वेळा मागे नेऊन पाहिला.

रविवारी सकाळी नातू सवयीने लवकर उठला आणि दुकानाच्या किल्ल्या घेऊ लागला. किटची पिशवी कपाटावर चढवलेली होती.

अण्णांनी विचारले, “तुमच्या त्या सामन्यात तू किती षटके टाकलीस?”

“आठ. तीन गडी मिळाले, आजोबा.”

“आणि धावा?”

“एकोणीस.”

अण्णांनी मनात भागाकार केला. मग किल्ल्यांसाठी हात पुढे केला आणि मुलाला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, “आज दुकान मी उघडतो.”