गोळीतला गणंग

वऱ्हाडातील काही घरांत औषधाची एक घरगुती परीक्षा चालते. नवी गोळी आणली की ती वाटीभर पाण्यात टाकावयाची आणि घड्याळाकडे पाहत बसावयाचे. लवकर विरली तर माल अस्सल, तशीच राहिली तर नकली. त्यातून गोळी स्वस्त असेल तर संशय अधिकच. व्यापाऱ्याने स्वस्त मालाकडे संशयाने पाहणे स्वाभाविक आहे. त्या सावधपणावरच त्याची पेढी उभी असते.

अकोल्यातील तूरडाळीच्या एका वयोवृद्ध व्यापाऱ्यांना या परीक्षेने चांगलेच अडचणीत आणले. शेठजींना मधुमेह. त्यांचा चौविहार असल्यामुळे सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत घ्यावयाची एकच गोळी डॉक्टरांनी लिहून दिली होती : मेटफॉर्मिनची ‘एसआर’, म्हणजे औषध सावकाश सोडणारी. पुढे मुलाने तेच औषध जनऔषधी केंद्रातून आणले. किंमत ऐकताच शेठजींनी वाटी मागविली. तासाभराने पाहतात तो गोळी फुटलेली नव्हती, फुगून बुळबुळीत गोळा झाला होता. त्यांनी मनोमन निकाल दिला आणि घरात कोणाला न सांगता गोळी बंद केली. तीन आठवड्यांनी रक्त तपासले तेव्हा उपाशीपोटीची साखर दोनशेच्या पुढे गेलेली!

त्यांची नात अमरावतीला औषधनिर्माणशास्त्र शिकते. रविवारी ती घरी आली, तिने सारी हकिकत ऐकली आणि वाद न घालता दोन वाट्या मांडल्या. एकीत जनऔषधीची गोळी, दुसरीत जुन्या महागड्या पाकिटात उरलेली एक. तासाभराने दोन्ही वाट्यांत सारखेच बुळबुळीत गोळे होते.

“दादाजी, ही गोळी फुटू नये अशीच बनवलेली असते,” ती म्हणाली. “पाणी लागले की तिचा लगदा होतो आणि त्यातून औषध तासन्‌तास थोडेथोडे झिरपते. कधी रिकामा लगदा शौचातून तसाच बाहेर पडतो. म्हणून औषध लागू पडले नाही असे होत नाही. आणि लवकर विरावी म्हणून कुटून घेतली, तर दिवसभराचे औषध एकदम पोटात उतरेल.”

शेठजींनी गोळी पुन्हा सुरू केली. परंतु वाटीची परीक्षा खोटी, तर खरी कोणती, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. पुढच्याच आठवड्यात त्यांनी मूर्तिजापूर, बडनेरा मार्गे अमरावती गाठली आणि नातीने शिक्षकांच्या परवानगीने त्यांना महाविद्यालयाची प्रयोगशाळा दाखविली.

यंत्र पाहून प्रथम त्यांची थोडी निराशाच झाली. दोन्ही तोंडे उघडी असलेल्या सहा काचेच्या नळ्या, त्यांच्या तळाशी बारीक जाळी, आणि हे सारे एका चौकटीत बसविलेले. प्रत्येक नळीत एक गोळी टाकतात. शरीराइतक्या, म्हणजे ३७ अंशांच्या पाण्यात ही चौकट मिनिटाला २९ ते ३२ वेळा खालीवर होत राहते. साध्या, लेप नसलेल्या गोळीला १५ मिनिटांची मुदत. पातळ लेपाच्या गोळीला ३०, साखरेच्या लेपाच्या गोळीला ६०. पाण्यात विरवून देण्याच्या गोळीला अवघी ३ मिनिटे. जठरात फुटू नये अशी गोळी आधी दोन तास आम्लात अभंग राहिली पाहिजे. सहापैकी एखाददुसरी मागे राहिली तर आणखी बारा घेतात, आणि अठरांपैकी निदान सोळा मुदतीत फुटाव्या लागतात. हे नियम भारतीय औषधकोशाचे असून तो गाझियाबादच्या आयोगाकडून प्रसिद्ध होतो.

मुदत संपल्यावर जाळीवर मऊ लगदा उरला तरी चालतो. मध्ये कडक कण मात्र हाताला लागता कामा नये. हे ऐकताच शेठजींचा चेहरा खुलला. “म्हणजे गणंग राहता कामा नये!” डाळ शिजली की नाही हे त्यांनी जन्मभर असेच तपासले होते : दाणा बोटांत दाबावयाचा आणि आत गणंग आहे का पाहावयाचे. गोळी फुटावी म्हणून तिच्यात स्टार्च किंवा सेल्युलोजची पाणी शोषून फुगणारी भुकटी घालतात, आणि ते सेल्युलोज लाकडाच्या लगद्यापासून किंवा कापसापासून मिळते, हे कळल्यावर तर कापसाच्या मुलखातील या गृहस्थांना त्या यंत्राविषयी आपुलकीच वाटू लागली.

फुटणे म्हणजे विरघळणे नव्हे, हे मात्र नातीला दोनदा सांगावे लागले. डाळ शिजली म्हणजे ती अंगी लागलीच असे नाही, तसेच हे. हृदयविकारावरील डिगॉक्सिनच्या वेगवेगळ्या कारखान्यांच्या गोळ्यांत औषधाचे प्रमाण सारखे असूनही रुग्णांच्या रक्तात ते फार कमीजास्त उतरते, हे १९७१ साली न्यूयॉर्कमधील डॉक्टरांनी दाखवून दिले. अशा गोष्टींसाठी विरघळण्याची चाचणी निराळी असते. शेठजींच्या ‘एसआर’ गोळीचीही खरी परीक्षा तीच. कोणत्या तासाला किती औषध द्रावात उतरले ते तिच्यात मोजतात.

परतीच्या वाटेवर ते अमरावतीतच पुतण्याच्या औषधाच्या दुकानात थांबले. बहुतेक खोक्यांवर ‘३० अंशांपेक्षा कमी तापमानात ठेवावे’ असे छापलेले, आणि ती खोकी पश्चिमेकडच्या शटरला लागून पत्र्याखालच्या माळ्यावर रचलेली. उष्ण व दमट जागेत वर्षभर पडलेली तूर शिजता शिजत नाही, हे शेठजींना कोणी सांगावयास नको होते. गोळीचेही तसे होऊ शकते. ओल व उष्णता लागली की काही गोळ्या कडक होतात आणि कारखान्यात मुदतीत फुटणारी गोळी दुकानातून नेल्यावर फुटत नाही.

पुतण्याने खरेदीबिलांची फाइल पुढे केली. १९४०च्या औषध कायद्यातील कलम १८-अ प्रमाणे माल कोणाकडून घेतला ते सांगता आले की आपण सुटलो, अशी त्याची समजूत. बिलाचे महत्त्व आहेच; पण कलम १९(३)चे संरक्षण बिलावर संपत नाही. परवानाधारकाकडून खरेदी केली, रास्त काळजी घेऊनही दोष कळण्याजोगा नव्हता, आणि माल योग्य रीतीने साठवून मिळाला तसाच ठेवला, हे सारे दुकानदाराला दाखवावे लागते. निरीक्षक नमुन्याचे चार भाग करून एक दुकानदाराला देतो. शासकीय विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे कळविण्याची मुभाही आहे, आणि मग न्यायालयामार्फत प्रकरण कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेपर्यंत जाऊ शकते. तथापि माळ्यावरच्या पत्र्याचे समर्थन तेथे कोण करणार?

दुसऱ्या दिवशी खोकी खाली आली. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, जशी अकोल्याच्या गोदामात तुरीची पोती असतात. तापमापक आला. पुतण्या दिवसातून दोनदा आकडा वहीत लिहितो. मे महिन्यातील दुपारचे आकडे ३८च्या खाली नाहीत, म्हणून वातानुकूलन यंत्राचे दरपत्रक मागविले आहे. निम्मी रक्कम शेठजी देऊ करतात, पण पुतण्या ती व्याजाशिवाय घेण्यास तयार नाही, आणि दराची बोलणी अद्याप चालू आहेत.